समुद्राला बारा महिने असतात
(बी. ए. द्वितीय वर्ष)

"हे कव्हाचं हाय?"

मी काढलेला समुद्राचा फोटो बाबांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी मला हा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "सहलीतला आहे, परवाचा." बाबा म्हणाले, "तसं न्हाय रे. दिस उगवतानाचं का बुडतानाचं? आन् पाणी वर येऊलालंय का खाली जाऊलालंय?"

मित्रहो, मला या दोन्ही प्रश्नांपैकी एकाचे उत्तर ठाऊक होते आणि दुसऱ्याचे नव्हते. वाईट याचे वाटले की, ज्याचे ठाऊक होते तेही फोटोकडे पाहून कळत नव्हते. तांबडे आभाळ, काळी नारळाची झाडे, मध्ये सोन्याचा पट्टा. हा फोटो हरिहरेश्वरचा आहे म्हटले तरी चालेल, गोव्याचा आहे म्हटले तरी चालेल, आणि वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरचा आहे म्हटले तर अधिकच चालेल! त्या दिवसापासून जो विचार माझ्या डोक्यात घोळतो आहे, तो या अंकाच्या निमित्ताने आपणापुढे मांडावा असे वाटले.

प्रथम सहलीविषयी सांगतो. मी प्रथम वर्षाला असताना, जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीच्या तोंडावर आमची सहल कोकणात गेली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आणि घरात समुद्र पाहणाराही मीच पहिला. माय म्हणाली होती, "लेकरा, आमाला दाखवायला फोटू काढून आण." एस.टी.ची लाल गाडी लातूर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव अशी धावत होती आणि मी मोबाइलची बॅटरी जपत बसलो होतो. वाटेतल्या एकाही गोष्टीचा फोटो मी काढला नाही. सगळी जागा समुद्रासाठी राखून ठेवली होती.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा दुपार होती. खरे सांगतो, समुद्र पाहून माझी निराशा झाली. पांढुरके आभाळ, पांढुरके पाणी, डोळ्यांवर येणारी तिरीप. चित्रातला निळा समुद्र कुठे आहे? आमच्यातला एक जण तर म्हणाला, "विष्णुपुरीचं धरण यापेक्षा बरं दिसतं की!" मग सगळ्यांनी ठरवले की, संध्याकाळ होईपर्यंत थांबायचे. संध्याकाळी सूर्य खाली आला आणि पन्नास विद्यार्थ्यांचे पन्नास मोबाइल एकाच दिशेला वळले. मी एकट्याने साठाच्या वर फोटो काढले. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी एकमेकांचे फोटो पाहिले, तर कोणता कोणाचा ते ओळखता येईना.

आम्ही ज्या घरी जेवलो त्या घरच्या आजी आमची गंमत बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काय रे बाळांनो, सगळे मेले एकाच वेळचे फोटो काढता! दुपारचा समुद्र काय समुद्र नाही? आणि जूनमधला बघायला तर कोणी फिरकत नाही." मग त्यांनी मला विचारले, "तू कुठला?" मी म्हणालो, "नांदेडकडचा, मुदखेडचा." त्यावर आजींच्या चेहऱ्यावर एकदम दया दाटून आली. "म्हणजे मराठवाडा. अरे, पाहिलंय मी फोटोत. जमीन अशी फाटलेली, चिरा पडलेल्या. पाणी येतं का रे तुमच्याकडे? जेव हो पोटभर."

मी जेवलो, पण घास गळ्याशी अडला. आजींची माया खरी होती, यात शंका नाही. परंतु मी ज्या गावातून आलो तिथे माझे बाबा दीड एकरात गुलाब लावतात. मुदखेडची फुले नांदेडच्या बाजारात जातात. पहाटे ओल्या वाफ्यातून चालताना पाय माखतात. यातले काहीही आजींच्या त्या फोटोत नव्हते. आणि तेवढ्यात माझ्या मनात आले की, मी तरी वेगळे काय केले? माझ्या मोबाइलमधल्या साठ फोटोंत आजींचे घर, आजींचा जून महिना, आजींची बाग कुठे होती?

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी सरळ सांगून टाकतो. कोणत्याही प्रदेशाचा एकाच वेळचा, एकाच ऋतूचा फोटो पुन्हा पुन्हा काढणे हा त्या प्रदेशावर अन्याय आहे. कोकणच्या वाट्याला सूर्यास्त आला आणि मराठवाड्याच्या वाट्याला भेगाळलेली जमीन आली. एक फोटो गोड आहे, दुसरा कडू आहे. पण दोन्ही अर्धवट आहेत.

आजींनीच मला त्या रात्री एक विद्या शिकवली. म्हणाल्या, "उद्या पौर्णिमा. तिथीची पाऊणपट कर." पंधराची पाऊणपट सव्वाअकरा; म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती पूर्ण होणार. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी ओहोटी. रोज भरती सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो. किनाऱ्यावरची न शिकलेली माणसेसुद्धा हा हिशेब बोटांवर करतात. भूगोलाच्या पुस्तकात मी भरती-ओहोटी पाठ केली होती. पण तिथीवरून वेळ सांगता येते हे मला एका खानावळीच्या ओसरीवर कळले.

दुसऱ्या दिवशी मी सर्वांच्या आधी उठलो आणि आमच्या सरांना सांगून, आजींच्या नातवाला बरोबर घेऊन, काळभैरवाच्या देवळामागच्या वाटेने खाली उतरलो. या वाटेने डोंगराला प्रदक्षिणा घालतात. ती ओहोटीलाच घालता येते. भरतीला पाणी वाटेवर येते. अजून पुरते उजाडले नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही, तो पाठीमागच्या डोंगरावरून येतो, हे मला माहीत होते. म्हणून पहाटे फोटोत काही मिळेल असे वाटलेच नव्हते. पण पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला समुद्रात बुडत होता! पाणी मागे सरल्यामुळे काळे खडक उघडे पडले होते. लाटांनी झिजवून सपाट केलेले ते खडक, त्यांच्या उभ्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी पडलेली भोके, आणि त्या खळग्यांत साचलेले पाणी. चंद्र गेला. थोड्या वेळाने मागून उजेड आला आणि पाण्याचा रंग राखेचा शिशासारखा, शिशाचा पोपटी असा बदलत गेला. अर्ध्या तासात मी पाच समुद्र पाहिले. त्या वेळी मी फोटो काढले फक्त चार, आणि त्यांतला एक हललेला आहे.

परत येताना आजींच्या नातवाने मला त्यांची बाग दाखवली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. करोनाची टाळेबंदी चालू होती, त्यातच हे संकट. घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, माडांची आणि सुपारीची झाडे मुळासकट पडली, कित्येक दिवस वीज नव्हती. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. पण सुपारीचे झाड आज लावले आणि उद्या फळ दिले, असे होत नाही. त्याला वर्षे लागतात. बागेत उंच जुन्या झाडांच्या मध्ये मोकळ्या जागा होत्या आणि तिथे माणसाच्या उंचीची नवी रोपे उभी होती. नातू म्हणाला, "पर्यटक विचारतात, इथे झाडं अशी विरळ का? मग त्या बाजूचा फोटो काढत नाहीत."

आता यावर माझे मित्र काय म्हणतात तेही सांगितले पाहिजे. एक मित्र म्हणतो, "फोटो म्हणजे काय तलाठ्याचा पंचनामा आहे? सुंदर दिसते ते काढावे, मनाला आनंद द्यावा." त्याचे म्हणणे मी खोटे म्हणत नाही. सूर्यास्त सुंदरच असतो, आणि दिवसभर राबलेल्या माणसाने तो पाहून दोन घटका सुख घेतले तर कोणाचे काय बिघडते? माझी तक्रार सूर्यास्ताविरुद्ध नाही. ती आहे आपल्या सवयीविरुद्ध. सूर्यास्त काढताना आपण समुद्राकडे पाहतच नाही. आधी पाहिलेल्या फोटोशी तो जुळतो की नाही एवढेच पाहतो. जुळला तर बटण दाबतो, नाही जुळला तर 'आज आभाळ खराब आहे' म्हणून परततो. आभाळ कधी खराब असते काय? शेतकऱ्याच्या पोराने तरी असे म्हणू नये!

ही सवय आजची नाही. ग्रंथालयात छायाचित्रणाच्या इतिहासावरचे एक पुस्तक चाळताना मला गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराची हकीकत सापडली. १८५७ च्या सुमारास त्याने समुद्राचे फोटो काढले, ते जगभर गाजले. त्या काळी काचेवर फोटो घेत. त्या काचेवरचे रसायन निळ्या रंगाला फार लवकर भुले. त्यामुळे समुद्र नीट यावा तर आभाळ पांढरे फटक, आणि आभाळ नीट यावे तर समुद्र काळा ठिक्कर पडे. ल ग्रेने युक्ती काढली. आभाळाची काच वेगळी, समुद्राची वेगळी, आणि दोन्ही एकाच कागदावर छापायच्या. युक्ती मोठी हुशारीची होती. पण पुढे त्याने एकाच आभाळाची काच वेगवेगळ्या समुद्रांवर वापरली! मला हे वाचून हसू आले आणि मग हसू थांबले. आज आपल्या मोबाइलमध्ये तेच होते. तो एका दाबात उजेडाचे तीन-चार फोटो घेतो आणि एक करतो. वरून आभाळ अधिक निळे, पाणी अधिक चकचकीत करून देतो. मळभ आलेल्या दिवसाचे मळभ काढून टाकतो. म्हणजे कोकणातला असो की मराठवाड्यातला, सगळ्यांच्या डोक्यावर एकच आभाळ.

याच्या उलट, हिरोशी सुगिमोतो नावाचा जपानी छायाचित्रकार १९८० पासून निरनिराळ्या देशांतले समुद्र टिपत आला आहे. त्याच्या फोटोत होडी नाही, माणूस नाही, झाड नाही. वर निम्मे आभाळ, खाली निम्मे पाणी. सगळे फोटो दिसायला एका साच्यातले. आणि तरीही एक दुसऱ्यासारखा नाही! कुठे क्षितिजाची रेघ सुरीने ओढल्यासारखी, कुठे धुक्यात विरघळलेली. साचा एकच ठेवल्यामुळे उजेड आणि हवा यांतला फरक तेवढा उरतो. मला वाटते, आम्ही पन्नास जणांनी एक जागा आणि एकच वेळ धरली. त्याने एक चौकट धरली आणि वेळ मोकळी सोडली. फरक इतकाच, पण तो फार मोठा आहे.

दुसरा मित्र म्हणतो, "तुझे खरे, पण आपल्यासारख्या गरिबांना समुद्रकाठी बारा महिने कोण राहू देणार? दोन दिवसांची सहल, त्यातही वर्गणी भरताना घरी भांडण." हा आक्षेप मला अधिक पटतो. जो दोन दिवसांसाठी जातो, त्याने दोन दिवसांचाच समुद्र पाहिला, हे त्याने कबूल करावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले. शिवाय पावसाळ्यात फोटोच्या हौसेने हरिहरेश्वरच्या त्या खडकांवर उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. तसे मी कोणालाही सुचवणार नाही. पण ज्या गावात आपण बारा महिने राहतो, त्या गावाचे बारा महिने काढायला कोणाची वर्गणी लागते?

आणि ते काढणे आपल्याला परवडण्यासारखे नव्हे, तर न काढणे परवडण्यासारखे नाही. माझा थोरला भाऊ पुण्याजवळ एका कारखान्यात कामाला आहे. तिथे त्याला नावाने कोणी हाक मारत नाहीत. 'ए दुष्काळ' म्हणतात. तो हसून ओ देतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे खरेच आहे. त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले, आणि ते छापून यायलाच हवे होते. कोरड्या विहिरी लपवून काय मिळणार? पण फोटो काढणारे एप्रिलमध्ये आले आणि एप्रिलमध्येच गेले. जुलैतली हिरवी सोयाबीन, सप्टेंबरमध्ये विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्यावर नांदेडच्या घाटाला लागणारे गोदावरीचे तांबूस पाणी, डिसेंबरातले धुक्यातले मुदखेड जंक्शन, यांचा फोटो घ्यायला कोण आले?

मग ऑगस्ट २०२५ आला. आमच्याच जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात पुराने गावे वेढली, माणसे गेली, जनावरे गेली. पुढे सप्टेंबरमध्येही मराठवाडाभर अतिवृष्टी झाली, उभी पिके पाण्याखाली गेली. मुखेड आणि मुदखेड या नावांत लोकांचा नेहमीच घोटाळा होतो, त्यामुळे आमच्या घरीही फोनवर फोन आले. भाऊ सुटी मागायला गेला, तर त्याला विचारण्यात आले, "तुमच्याकडे पूर कसा येईल? तुमचा तर दुष्काळी भाग!" विचारणारा वाईट माणूस नसेल. पण त्याच्या डोक्यातल्या फोटोत पूर बसत नव्हता. एका फोटोमुळे माणसाचे दुःखसुद्धा खोटे ठरते, हे त्या दिवशी मला कळले. निसर्ग वादळानंतर कोकणातल्या लोकांनाही असेच कोणी म्हणाले असेल काय, की 'तुमच्याकडे तर नुसता आनंदीआनंद असतो'?

बाबांची गोष्ट अपुरी राहिली. सूर्यास्ताचा फोटो त्यांनी बाजूला ठेवला, तेव्हा मी भीत भीत पहाटेचा तो हललेला फोटो दाखवला. बाबा बराच वेळ बघत राहिले. गुलाब दिस वर यायच्या आत तोडावे लागतात. आयुष्यभर ते उजेडावरूनच वेळ ओळखत आले आहेत. ते म्हणाले, "चांद बुडूलालाय. पुनवंच्या आसपासची पहाट हाय. दगडं वली हायत, म्हंजी पाणी इथवर यिऊन गेलंय." मग मायला हाक मारून म्हणाले, "ये, समुद्र बघ." ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्या माझ्या वडिलांनी तिथी, वेळ आणि ओहोटी असे सगळे त्या फोटोतून वाचून दाखवले. चांगला फोटो कोणता, याची याहून वेगळी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. संपादक मंडळाने व गुरुजनांनी त्यांचा विचार करावा, ही विनंती. पहिली अशी की, आपल्या वार्षिकात दरवर्षी निसर्गाच्या फोटोंचे एक पान असते. त्या पानावरच्या प्रत्येक फोटोखाली स्थळ, तारीख, वेळ आणि त्या दिवसाची हवा छापावी. समुद्राचा असेल तर भरती होती की ओहोटी, तेही. ज्याला हे सांगता येणार नाही, त्याचा फोटो कितीही देखणा असला तरी घेऊ नये. दुसरी अशी की, आपण विद्यार्थ्यांनी गोदाकाठची एक जागा निवडावी आणि त्याच जागेवरून, तीच चौकट धरून, दर महिन्याला एक असे बारा फोटो काढावेत. मे महिन्यातले उघडे पडलेले पात्रही त्यात येऊ द्यावे, ते गाळू नये. मग ते बारा फोटो कोकणातल्या एखाद्या कॉलेजला पाठवावेत आणि त्यांच्याकडून त्यांच्या किनाऱ्याचे बारा महिने मागवावेत.

ही कल्पना अगदीच हवेतली नाही, कारण तिची सुरुवात झाली आहे. जून २०२५ मध्ये आजींच्या नातवाने मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्यात क्षितिज नाही. आभाळ आणि पाणी एकाच मातकट रंगाचे. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते. नारळाची एक झावळी आडवी झालेली. खाली त्याने लिहिले होते, 'दुपारी ३, उधाणाची भरती, आजी म्हणते हा बघ खरा.' मी त्याला जुलैत आमच्या शेताच्या बांधावरून काढलेला फोटो पाठवला: काळे भरून आलेले आभाळ, गुडघाभर हिरवे रान, आणि चिखलात रुतलेले बाबांचे पाय.

आजींचे उत्तर नातवाने टाइप करून पाठवले. "हे तुमचं? मग पुढच्या महिन्याचाही पाठव."

मी पाठवला. तो पुराचा होता.